शांत पंप आणि खोल पाणी

पानिपत हे नाव उच्चारताच तीन लढायांची आठवण व्हावी, यात नवल नाही. १५२६, १५५६ आणि १७६१ ही सने शाळकरी मुलांनाही पाठ असतात. मराठी माणसाला तर त्यांतले शेवटचे साल विसरणे शक्यच नाही. परंतु आजचे पानिपत हे रणांगण नसून मागांचे, सूतगिरण्यांचे आणि रंगशाळांचे शहर आहे. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांतून नवे सूत काढण्याच्या उद्योगामुळे त्याची ख्याती देशाबाहेरही पोहोचली आहे. यंत्रमागांचा खडखडाट या शहराच्या अंगवळणी पडला आहे. अशा गावातला गृहस्थ पंपांच्या दुकानात जाऊन ‘आवाज न करणारा पंप द्या’ अशी मागणी करतो, तेव्हा प्रथमदर्शनी ती थोडी विसंगत वाटते. पण तिच्यामागचे कारण साधे आहे. मागाचा आवाज कारखान्यात राहतो. पंप मात्र जिन्याखाली, मोरीच्या शेजारी किंवा आजारी माणसाच्या खोलीला लागून असतो, आणि नळाला पाणी पहाटे येत असेल तर तो पहाटेच चालवावा लागतो.

शांत पंप कसा निवडावा, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास पंप आवाज का करतो हे आधी पाहावे लागते. आणि तो विचार पुढे नेल्यास पानिपतच्या भूमीखालील पाण्याचे काय झाले, येथपर्यंत येऊन पोहोचावे लागते. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पाणी उपसण्याच्या साधनांचा आवाज या प्रदेशाला नवा नाही. पानिपतावर इब्राहिम लोदीचा पराभव करणाऱ्या बाबराने आपल्या आत्मवृत्तात लाहोर, दीपालपूर आणि सरहिंद या भागांतील रहाटाचे वर्णन केले आहे. बैल फिरत, दात्यांची चाके एकमेकांत अडकून फिरत आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई. भरलेल्या गाडग्यांच्या भाराने चाक उलटे फिरू नये म्हणून त्याला एक खिटी लावलेली असे. ती प्रत्येक दात्यावर टकटक वाजे. दूर बांधावर काम करणाऱ्या शेतकऱ्यास हा आवाज ऐकू येत असे, आणि तो थांबला की बैल थांबले हे त्याला जागच्या जागी कळे. आवाज हा केवळ उपद्रव नसून निरोपही असतो, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळी पाणी फार खोल नव्हते. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात यमुनेचे पाणी कालव्याने पश्चिमेकडे नेले. अकबराच्या काळी त्या कालव्याची डागडुजी झाली आणि शाहजहानच्या कारकिर्दीत अली मर्दान खान याने तो दिल्लीपर्यंत आणला. पुढे तो बुजला. १८२०च्या सुमारास इंग्रजांनी तो पुन्हा वाहता केला. परंतु त्याची आखणी सदोष होती. पाण्याचा निचरा अडला, भूजल वर चढले, जमिनीवर क्षारांचा पांढरा थर दिसू लागला आणि हिवतापाने कहर केला. शेजारच्या कर्नालची लष्करी छावणी १८४०च्या दशकात याच कारणाने सोडून द्यावी लागली. एकेकाळी अतिरिक्त पाण्याने त्रस्त झालेल्या या भूमीवर पुढे पाण्यासाठी खोल खोल जाण्याची पाळी यावी, हा इतिहासाचा मोठा विपर्यास आहे.

आता पंपाकडे वळू. पंप पाणी ओढतो, असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो ओढत नाही. त्याच्या आतील पंखा फिरू लागला की मध्यभागी दाब कमी होतो, आणि बाहेरचे वातावरण विहिरीतील पाण्यावर दाब देऊन ते नळीतून वर ढकलते. चोषण पंपाने पाणी विशिष्ट उंचीपलीकडे चढत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केली होती. तिचे कारण वातावरणाचा दाब हे आहे, असे त्याचा शिष्य टॉरिचेली याने काही वर्षांतच दाखवून दिले. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर भरते. पानिपत समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे ती १० मीटरच्या आसपास येते. नळीतील घर्षण, वळणे, फूटव्हॉल्व्हचा अडथळा आणि उन्हाळ्यात तापलेल्या पाण्याची वाफ होण्याची प्रवृत्ती या सर्वांचा हिशेब वजा जाता व्यवहारात ६ ते ७ मीटर एवढेच हाती उरतात.

ही मर्यादा ओलांडली किंवा तिच्या अगदी जवळ काम केले, तर काय होते? पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही तेथे उकळू लागते. वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, ते पाण्याबरोबर पुढे अधिक दाबाच्या जागी जातात आणि तेथे क्षणार्धात मिटतात. मिटताना प्रत्येक बुडबुडा एखाद्या सूक्ष्म हातोड्यासारखा धातूवर आपटतो. अशा लक्षावधी आघातांचा मिळून जो आवाज होतो तो पंपात खडी भरली असावी असा असतो. जहाजांच्या वेगवान मळसूत्री पंख्यांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उपद्रव प्रथम ठळकपणे लक्षात आला, आणि मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. हा आवाज करणारा पंप पाणी कमी देतो, वीज वाया घालवतो आणि काही काळाने त्याच्या पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

पंपाच्या आवाजाची इतरही कारणे आहेत आणि कानाला थोडी सवय झाली की ती वेगवेगळी ओळखता येतात. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तिच्यामुळे मोटारीचे लोखंड सेकंदाला १०० वेळा कंप पावते व एकसुरी गुणगुण ऐकू येते. ही गुणगुण सौम्य असेल तर ती स्वाभाविक समजावी. किरकिर किंवा घरघर वाढत जाणारी असेल तर बेअरिंग झिजले आहे. मधूनमधून घटघट असा आवाज होऊन धार तुटत असेल तर चोषण नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत आहे. पंप बंद करताक्षणी भिंतीत धाडकन दणका बसत असेल, तर वर चढणारे पाणी एकाएकी मागे फिरून झडपेवर आदळते आहे. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात अडवले, तर १०० मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होतो. भिंत हादरते ती उगीच नव्हे.

सारांश, पंपाचा आवाज म्हणजे वाया गेलेले श्रम होत. जी शक्ती पाणी वर नेण्यात खर्च व्हावयाची, तिचा काही अंश लोखंड हलविण्यात आणि हवा हादरविण्यात जात असतो. म्हणून शांत पंप शोधणे आणि उत्तम पंप शोधणे, ही बव्हंशी एकच गोष्ट आहे.

येथून निवडीचा पहिला नियम निघतो: पंप कामाच्या मापाचा असावा. समजा, दुमजली घराच्या गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, ती अर्ध्या तासात भरावयाची आहे, आणि चढण व नळांचे घर्षण मिळून १२ मीटर होतात. या कामास प्रत्यक्ष पाण्याच्या दृष्टीने सुमारे ६५ वॅट शक्ती पुरते. लहान पंपांची कार्यक्षमता पाव ते एक-तृतीयांश धरली तरी २०० ते २६० वॅट होतात. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार ३७३ वॅट देते. म्हणजे ती पुरून उरते. तरीही ‘असू द्या थोडा मोठा’ या विचाराने एक अश्वशक्तीचा, ३० मीटर चढणीसाठी बनविलेला पंप घरी आणला जातो. कमी चढणीवर तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकू पाहतो, चोषण नळी त्याला तेवढे पुरवू शकत नाही, आणि वर सांगितलेले बुडबुडे सुरू होतात. मोठा पंप घेऊन गृहस्थ जास्त पैसे देऊन जास्त आवाज विकत घेतो.

दुसरा नियम गतीचा. दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे २९०० फेरे करते, चार ध्रुवांची सुमारे १४५०. मंद गतीचा पंप आकाराने मोठा आणि किमतीने अधिक असतो, पण तो निश्चित शांत असतो. तिसरा नियम नळांचा. पंप पाण्याच्या जितका जवळ व जितका खाली, तितका तो निवांत. चोषण नळी आखूड, सरळ आणि एक माप मोठी असावी. २५ मिलिमीटरच्या जागी ३२ मिलिमीटर व्यासाची नळी घातली, तर त्याच प्रवाहाला होणारे घर्षण एक-तृतीयांशाहूनही कमी होते. चौथा नियम बैठकीचा. पंप जाड काँक्रीटच्या ओट्यावर, रबराच्या पट्ट्यांवर बसवावा. नळ भिंतीला घट्ट आवळू नयेत आणि पंपालगत लवचिक नळीचा तुकडा द्यावा. कित्येकदा पंप निर्दोष असतो. गर्जना करते ती भिंत.

या चौथ्या नियमाचे महत्त्व पाहावयाचे असेल तर नावेतील किंवा फिरत्या घरासारख्या मोटारगाडीतील पंप पाहावा. केरळातील हाऊसबोटीत असो वा युरोपातील कॅराव्हॅनमध्ये, तेथे पंप झोपणाऱ्याच्या उशापासून हातभर अंतरावर असतो. हा बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पडद्याचा पंप असतो. त्याचा रबरी पडदा पुढेमागे होतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर पाण्याला एक हिसका बसतो. पातळ प्लायवूडच्या तक्त्यावर तो थेट स्क्रूने आवळला तर तो तक्ता ढोलकीच्या पुडीप्रमाणे वाजतो. जाणते लोक तो मऊ रबरी पायांवर बसवितात, दोन्ही बाजूंस अर्धा-अर्धा मीटर लवचिक नळी जोडतात आणि पुढे हवेची गादी असलेले एक छोटे भांडे लावतात. हे भांडे प्रत्येक ठोक्याचा हिसका पोटात घेते आणि नळाची धार एकसारखी करते. शिवाय त्यात थोडे पाणी दाबाखाली साठून राहत असल्याने, रात्री कोणी पेलाभर पाणी घेतले तर पंप सुरूही होत नाही.

घराच्या पंपासाठी यापेक्षा सोपा उपाय आहे. जमिनीखाली टाकी असेल तर पंपच पाण्यात ठेवावा. विहिरीत किंवा टाकीत आडवा बसणारा बुडता पंप बाजारात मिळतो. भारतीय मानक संस्थेने त्याच्यासाठी आयएस १४२२० हे स्वतंत्र मानक ठरविले आहे. भोवतालचे पाणी त्याचा आवाज झाकते आणि मोटारही थंड ठेवते. त्याला चोषणाची मर्यादा बाधत नाही, पाणी भरून हवा काढण्याची कटकट नाही. मात्र वीज पाण्यात उतरते म्हणून पक्के भूसंपर्कन आणि गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच यांत हयगय करू नये. याउलट, मराठी घरांत ज्याला टिल्लू आणि उत्तरेत टुल्लू म्हणतात तो छोटा पंप नगरपालिकेच्या नळाला थेट जोडणे सर्वथा अयोग्य होय. नळात पाणी कमी असताना तो कोरडा किंचाळतो, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतो आणि सांध्यांतून गटाराचे पाणीही आत घेतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल असावी, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. पण शेजाऱ्याची झोप मोडू नये, हे समजण्यास नियमाची गरज नसावी.

घराकडून शेताकडे गेले की हाच प्रश्न गंभीर रूप धारण करतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हरितक्रांती आली. नवा गहू आला, मागोमाग भात आला. पानिपत परिसर हा मुळात भाताचा एकमुखी प्रदेश नव्हे; पण कूपनलिका, वीज आणि हमीभाव यांच्या आधारे तेथे खरिपात भाताची शेते पसरली. सुरुवातीस जमिनीवर बसविलेला अपकेंद्री पंप पुरेसा होता. पाणी ६-७ मीटरच्या खाली जाऊ लागले तेव्हा निसर्गनियमापुढे शहाणपण चालेना. शेतकऱ्यांनी खड्डे खणले आणि पंप खाली उतरविला. वर इंजिन, खाली पंप आणि मध्ये फटफटणारा लांब पट्टा, असा तो देखावा असे. पाणी आणखी उतरले की खड्डा आणखी खोल. अशा खड्ड्यांत दूषित वायू साचतो, प्राणवायू कमी पडतो. फूटव्हॉल्व्ह दुरुस्त करावयास उतरलेली माणसे घुसमटून मेल्याच्या दुर्घटना पंजाब आणि हरियाणात वेळोवेळी घडल्या आहेत. एकाला वाचविण्यासाठी दुसरा उतरावा आणि दोघेही परत येऊ नयेत, अशी ही दुर्घटना असते.

या खड्ड्यांतून शेतकऱ्याची सुटका केली ती सबमर्सिबल पंपाने. रशियातून अमेरिकेत गेलेले अर्मेस अरुतुनोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलविहिरींसाठी विकसित केलेली ही युक्ती पुढे पाण्यासाठी जगभर वापरात आली. लांब, सडपातळ मोटार तळाशी; तिच्यावर एकावर एक रचलेले पंखे; आणि सर्व यंत्र पाण्याच्या पातळीखाली. येथे पाणी ओढावयाचे नसते, केवळ ढकलावयाचे असते. म्हणून वातावरणाच्या दाबाची मर्यादा उरत नाही. पंख्यांची संख्या वाढविली की ३० मीटर काय आणि १०० मीटर काय, पाणी वर येते. आणि शेतावर आवाज उरतो तो फक्त धारेचा. शांत पंपाचा याहून उत्तम नमुना सापडणे कठीण.

परंतु याच ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. जुना पंप पाणी खाली गेल्याचे ओरडून सांगत असे. प्रथम तो खडखडे, मग त्याची धार तुटे, मग खड्डा खणावा लागे. प्रत्येक मीटरची किंमत शेतकऱ्याच्या कानाला, अंगाला आणि खिशाला कळे. सबमर्सिबल पंपाने तो निरोपच बंद केला. पाणी २० मीटरवर असो वा ४०, वर येणारी धार तशीच दिसते आणि कानावर काहीच पडत नाही. शेतीची वीज अत्यल्प दरात मिळत असल्याने वीजबिलही बोलत नाही. वास्तविक १ घनमीटर पाणी ३६७ मीटर उचलण्यास आदर्श स्थितीत १ युनिट वीज लागते. एक हेक्टर शेतात १० सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे म्हणजे १००० घनमीटर पाणी. यंत्रणेची कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास ते ६ मीटरवरून उपसण्यास सुमारे ४० युनिट, तर ३० मीटरवरून उपसण्यास सुमारे २०० युनिट लागतात. तेच शेत, तेच पाणी आणि पाचपट वीज! हा खर्च कोणाच्या तरी माथी पडतोच. तो केवळ ऐकू येत नाही.

परिणाम व्हावयाचा तो झाला. पानिपत जिल्ह्यातील समालखा हा विभाग भूजलाच्या अतिउपशामुळे निर्बंधासाठी अधिसूचित झालेल्या क्षेत्रांत गणला गेला. हरियाणा सरकारने २००९ मध्ये भूजल संरक्षणाचा कायदा करून १५ मेपूर्वी भाताचे रोप टाकण्यास आणि १५ जूनपूर्वी लावणी करण्यास मनाई केली; भर उन्हाळ्यात शेतात उभे केलेले पाणी हवेत उडून जाते, हे त्यामागील कारण. २०२० मध्ये भात सोडून अन्य पीक घेणाऱ्यास एकरी ७००० रुपये देण्याची योजना आली. हे उपाय योग्य दिशेचे आहेत. पण कायद्याला प्रत्येक कूपनलिकेपाशी कान लावून बसता येत नाही.

तेव्हा शांत पंप घेऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. घुसमटविणाऱ्या खड्ड्याकडे परत जावे, असे कोण म्हणेल? अर्थ इतकाच की, ज्याने कानाचे काम बंद केले त्याने डोळ्यांचे काम सुरू करावे. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तेच काम शेतकऱ्यास आपल्या कूपनलिकेवर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा सहज करता येईल. त्यास खुणा केलेली दोरी, तिच्या टोकाचे वजन आणि एक वही एवढेच साहित्य पुरते. स्विचच्या पेटीतील अँमीटरकडे रोज दृष्टी टाकावी. पंपाला पाणी कमी पडू लागले की प्रवाहाचा आकडा घसरतो. कोरडा चालण्यापूर्वीच पंप बंद करणारे साधनही त्याच तत्त्वावर बेतलेले असते. घरच्या टाकीलाही हाच न्याय लागू आहे: टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा स्विच नसेल, तर शांत पंप रात्रभर गच्चीवरून पाणी सांडत राहील आणि कोणास पत्ताही लागणार नाही.

म्हणून पंप घेणाऱ्याने दुकानदारास ‘आवाज किती?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती हवे, ते किती उंच न्यावयाचे आणि ते आज किती खोल आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकदा मिळाली की पुरतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र दरवर्षी नव्याने, दोरी सोडून, शोधावे लागते. रहाटाची टकटक थांबली की बांधावरचा शेतकरी मान वर करून पाही. आता ती टकटक नाही, म्हणून मान आपण होऊन वर करावी लागेल.